कंपनी बदलली, पण फोनने साथ दिली का?



हा लेख मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचा नाही, किंवा मोबाइल कंपनीत नोकरी करणाऱ्याचाही नाही. कचेरीत कारकुनी करणाऱ्या आणि रविवारी वस्तीच्या वाचनालयात बसून लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या एका माणसाचा आहे. त्यातही चुकलेल्या माणसाचा आहे. माझ्या चुकीचा दंड माझ्या थोरल्या बहिणीने भरला. तो दंड आणखी कोणाच्या आई-बहिणीला भरावा लागू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

भारतात मोबाइलवरून पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी फोन आला तरी पैसे पडत. आमच्या वस्तीत तेव्हा पिवळ्या पाटीचा एक पीसीओ होता, आणि गावाकडचा निरोप आला की पीसीओवाल्याचा पोरगा धावत बोलवायला येई. आज परिस्थिती अशी आहे की घरात गॅस संपला तर शेजारून चहा येतो, पण फोनची रेंज गेली तर रोजी जाते. बिगारी असो, रंगारी असो, घरकाम करणारी बाई असो, सर्वांचे काम आता फोनवर येते. म्हणून रेंज हा शौकाचा विषय राहिलेला नाही.

माझा हिशेब कुठे चुकला

२०२४ च्या जुलै महिन्यात जिओ, एअरटेल आणि व्ही या तिन्ही खाजगी कंपन्यांनी आपले दर वाढवले. वाढ साधारण १० ते २५ टक्क्यांपर्यंत होती. आमच्या दोन घरांत मिळून चार फोन. माझा, माझ्या पत्नीचा, ताईचा आणि भाच्याचा. मी बी.कॉम. झालेला माणूस. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चारही नंबर दुसऱ्या कंपनीत नेले तर महिन्याला २४० रुपये वाचतात असे उत्तर निघाले. वर्षाचे जवळपास २,९०० रुपये. एवढ्यात मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. मी सर्वांना सांगितले, "पोर्ट करून टाकू."

ताईने एकच प्रश्न विचारला, "भाऊ, फोन नीट लागेल ना?"

मी म्हटले, "माझ्या कचेरीत चार जणांकडे हीच कंपनी आहे. झकास चालते."

ताई माझ्या घरापासून चार घरे सोडून टेकडीच्या उतारावर राहते. खाली विटांची खोली आणि वर पत्र्याचा माळा. भावोजी गेल्यापासून घर तिच्याच कमाईवर चालते. ती पेशंट सांभाळण्याचे काम करते. ब्युरोतून संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास फोन येतो, "आज रात्रपाळीला जाल का?" फोन उचलला तर ड्यूटी मिळते. नाही उचलला तर यादीतल्या पुढच्या बाईला फोन जातो. एका रात्रीचे ७०० रुपये.

नंबर पोर्ट झाले. माझ्या फोनला घरात रेंज होती. पत्नीच्या फोनला होती. ताईच्या फोनला मात्र दारात उभे राहिले की एखादी कांडी दिसायची आणि आत पाऊल टाकले की "नो सर्व्हिस". पहिले दोन दिवस वाटले, नवे सिम आहे, होईल सुरळीत. तिसऱ्या दिवशी ब्युरोतल्या बाई दुसऱ्या एका आयाच्या हाती निरोप देऊन मोकळ्या झाल्या, "त्यांचा फोन लागतच नाही, काम नको असेल तर तसे सांगा म्हणावे." पंधरा दिवसांत पाच ड्यूट्या गेल्या. त्यातली एक एका आजीबाईंकडची कायमची रात्रपाळी होती. ती दुसरीला मिळाली.

आता माझा हिशेब पाहा. ताईच्या एका फोनवर मी महिन्याला ६० रुपये वाचवले आणि तिचे पंधरा दिवसांत ३,५०० रुपये घालवले. जमेच्या बाजूला काय आणि नावे काय, हे कॉलेजात शिकलेल्या माणसाने असा ताळेबंद मांडावा, याची मला लाज वाटली. ताई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, हिशेब तू बरोबर केलास, पण माझ्या घरात बसून केला नाहीस."

मी म्हटले, परत जुन्या कंपनीत जाऊ. तिथे दुसरा धडा मिळाला. एकदा पोर्ट केलेला नंबर ९० दिवस त्या कंपनीत राहिल्याशिवाय पुन्हा पोर्ट करता येत नाही. म्हणजे तीन महिने ताई दारात फोन धरून उभी राहणार की काय?

रविवारचा प्रयोग

भाचा मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. रविवारी तो म्हणाला, "मामा, कंपनीला शिव्या देण्याआधी दोष कोणाचा ते बघू. फोनचा, सिमचा की जागेचा?" आम्ही वही घेतली आणि ताईच्या घरात बसलो.

आधी ताईचे सिम माझ्या फोनमध्ये घातले. त्याच खोलीत, त्याच खाटेवर बसून फोन लावला. लागला. मग माझे सिम ताईच्या फोनमध्ये घातले. "नो सर्व्हिस". म्हणजे सिम निर्दोष. मग जुन्या कंपनीचे, शेजारच्या मावशींचे सिम ताईच्या फोनमध्ये घातले. रेंज आली. म्हणजे फोन बिघडलेलाही नाही. त्याच फोनला जुनी कंपनी ऐकू येत होती, नवी येत नव्हती.

हा साधा प्रयोग कोणीही घरी करू शकतो. एकच सिम दोन फोनांत आणि एकाच फोनात दोन सिम, जागा मात्र तीच ठेवायची. दहा मिनिटांत कळते की फोन बदलायचा, कंपनी बदलायची, की फोन ठेवण्याची जागा बदलायची.

कांड्यांवर मात्र विसंबू नका. किती रेंजला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. एकाच्या तीन कांड्या म्हणजे दुसऱ्याच्या दोन. खरा आकडा फोनच्या आत असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन "अबाउट फोन" आणि मग "सिम स्टेटस" उघडले की "सिग्नल स्ट्रेंग्थ" लिहिलेले दिसते. हा आकडा वजा असतो आणि त्यापुढे डीबीएम लिहिलेले असते. ४जी वर वजा ९० पर्यंत असेल तर रेंज चांगली. वजा १०५ च्या आसपास असेल तर काम चालते, पण बेताचे. वजा ११५ च्या पुढे गेला की बोलणे तुटू लागते. वजा १२० म्हणजे जवळजवळ गेल्यात जमा. आकडा जेवढा शून्याजवळ तेवढी रेंज जास्त, एवढे लक्षात ठेवा.

ढोल आणि सनई

एकाच कंपनीचे सिम एका फोनात चालते आणि दुसऱ्यात का चालत नाही? भाच्याने समजावले ते माझ्या भाषेत सांगतो.

मिरवणूक लांब असते तेव्हा घरात आधी ढोलाचा दणका ऐकू येतो. भिंत मध्ये असली तरी येतो. सनईचा किंवा क्लॅरिओनेटचा सूर मिरवणूक गल्लीत आल्यावरच कळतो. मोबाइलच्या लहरींचेही असेच आहे. खालच्या फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. वरच्या फ्रिक्वेन्सीची लहर इंटरनेट भरपूर वाहून नेते, पण लांब जात नाही आणि भिंतीपाशी अडते.

सरकार या लहरींचे पट्टे लिलावाने कंपन्यांना देते. या पट्ट्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. आपल्या देशात ४जी साठी ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८, ८५० चा बँड ५, ९०० चा बँड ८, १८०० चा बँड ३, २१०० चा बँड १, २३०० चा बँड ४० आणि २५०० चा बँड ४१ वापरतात. यांतले ७००, ८५० आणि ९०० हे आपले ढोल. बाकीचे सनईच्या जातीचे.

प्रत्येक कंपनीकडे सगळे बँड नसतात आणि प्रत्येक फोनला सगळे बँड ऐकू येत नाहीत. आमच्या टेकडीवर नव्या कंपनीचा ढोल पोचत होता, पण ताईच्या जुन्या फोनला तो बँडच नव्हता. त्याला फक्त सनई ऐकू येई आणि ती दारातच अडे. माझ्या फोनला ढोल ऐकू येई, म्हणून मी घरात आरामात बोलत होतो आणि ताईला सांगत होतो, "तुझाच फोन खराब असेल."

कोणत्या कंपनीला कोणता फोन

हे सर्वसाधारण माहितीसाठी देत आहे. प्रत्येक गावात आणि प्रत्येक टॉवरवर सगळे बँड असतातच असे नाही.

जिओ ४जी साठी मुख्यतः बँड ५, ३ आणि ४० वापरते. ही सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली तीच ४जी वर. जिओकडे २जी आणि ३जी कधी नव्हतेच. म्हणून २जी चा जुना बटणाचा फोन जिओवर चालत नाही. एअरटेलकडे मुख्यतः बँड ८, ३, १ आणि ४० आहेत. व्होडाफोन आणि आयडिया या दोन कंपन्या २०१८ साली एक झाल्या, तीच आजची व्ही. तिच्याकडे बँड ८, ३, १ आणि ४१ आहेत. बीएसएनएलची ४जी सेवा बँड २८ आणि १ वर आहे. देशी बनावटीच्या यंत्रणेवरच्या या ४जी चे देशभरातले उद्‌घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले.

यात बँड २८ नीट लक्षात ठेवा. काही वर्षांपूर्वीच्या बऱ्याच स्वस्त फोनांत तो नसतो, कारण तेव्हा आपल्याकडे ४जी साठी त्याची फारशी गरज नव्हती. असा फोन घेऊन बीएसएनएलमध्ये गेले तर ढोल ऐकूच येणार नाही. नव्या फोनात १, ३, ५, ८, २८, ४० आणि ४१ हे सातही बँड असतील तर कोणतीही कंपनी घ्या, उद्या बदला, फोन अडणार नाही.

५जी बद्दलही विचारणा होते. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाले. त्याचे बँड इंग्रजी "एन" अक्षराने लिहितात. एन २८ आणि एन ७८ हे आपल्याकडे महत्त्वाचे. पण फक्त रेंज सुधारेल म्हणून ५जी फोनला जास्त पैसे मोजू नका. ५जी चा बराच भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे, म्हणजे सनईपेक्षाही वरचा सूर. आपल्यासारख्याला बोलण्यासाठी आणि ओटीपीसाठी चांगला ४जी फोन पुरतो. घरात मुलाचा ऑनलाइन क्लास असेल आणि बजेट असेल तर ५जी चा विचार करावा.

फोन घेताना काय विचारावे

दुकानात गेल्यावर आपण काय विचारतो? कॅमेरा किती, मेमरी किती, बॅटरी किती. बँड कोणी विचारत नाही. दुकानदारही सांगत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर फोनच्या नेमक्या मॉडेलचे बँड लिहिलेले असतात. मॉडेलचे नाव एकच असले तरी क्रमांक वेगळा असू शकतो आणि देशानुसार बँड बदलतात, हे ध्यानात असू द्या.

दुबई, मस्कत, कुवेतला कामाला गेलेले आपले भाऊ येताना फोन आणतात. प्रेमाने आणतात, पण तो फोन त्या बाजारासाठी बनलेला असतो. तेव्हा आणण्याआधीच मॉडेल क्रमांक कळवायला सांगावा आणि बँड पाहावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे व्होल्टी, अर्थात ४जी वरून थेट बोलण्याची सोय. ही सोय फोनमध्ये हवी आणि सेटिंगमध्ये चालूही हवी. नाही तर इंटरनेट ४जी वर चालते आणि कॉल करायला फोन खाली २जी वर उतरतो, आणि तिथे रेंज नसली की कॉल लागत नाही. एखाद्याचे व्हॉट्सअॅप चालते पण फोन लागत नाही, तेव्हा बहुधा ही गोम असते.

तिसरी गोष्ट दोन सिमची. जुन्या फोनांत दोन खाचा असल्या तरी एकाच खाचेला ४जी मिळते, दुसरी २जी वर चालते. महत्त्वाचे सिम दुसऱ्या खाचेत असेल तर आधी जागा बदलून पाहा. वाचनालयात आलेल्या दोघांचे काम एवढ्यानेच झाले. एक पैसा लागला नाही.

चौथी गोष्ट बटणाच्या फोनची. घरातल्या आजी-आजोबांना टच स्क्रीन जमत नाही. त्यांच्यासाठी ४जी वर चालणारे बटणाचे फोन बाजारात आहेत, तेच घ्यावेत. मात्र २०१७ साली आलेला जिओफोन आणि २०२३ साली आलेला जिओभारत यांत जिओचेच सिम चालते. पुढे कंपनी बदलायची असेल तर हे आधीच लक्षात घ्यावे.

पाचवी गोष्ट वापरलेल्या फोनची. आपल्यातले अनेक जण असाच फोन घेतात, त्यात कमीपणा नाही. पण तो चोरीचा नसावा. फोनवर *#०६# दाबले की १५ आकडी आयएमईआय क्रमांक येतो. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. फोनची माहिती परत येते. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरही ही तपासणी होते. शिवाय बिल घ्यावे आणि आपले सिम घालून, शक्य असेल तर एक दिवस घरी नेऊन, मगच पैसे द्यावेत.

ताईसाठी आम्ही असाच ४,२०० रुपयांचा वापरलेला फोन घेतला. घेण्याआधी भाच्याने बँड पाहिले, आयएमईआय पाहिला आणि तिच्या खाटेवर बसून फोन लावून पाहिला. पैसे मी दिले. चूक माझी होती.

आधी सिम, मग पोर्ट

ज्यांना कंपनी बदलायची आहे त्यांनी माझ्यासारखी घाई करू नये. जिथे जायचे त्या कंपनीचे एक नवे सिम वेगळ्या नंबरचे घ्यावे. आठवडाभर आपल्याच फोनमध्ये घालून वापरावे. घरात, माळ्यावर, कामाच्या ठिकाणी, लोकलमध्ये, मुलांच्या शाळेपाशी फोन लावून पाहावा. शेजाऱ्याचे सिम तासभर मागून घेतले तरी पुष्कळ कळते. ठीक वाटले तरच जुना नंबर हलवावा.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेले तरी नंबर तोच ठेवता येतो. रीत सोपी आहे. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि १९०० वर एसएमएस करावा. आठ अक्षर-अंकांचा कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तो कोड आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. एकाच सेवाक्षेत्रात तीन कामाचे दिवस लागतात आणि वेगळ्या क्षेत्रात पाच. मुंबई हे एक क्षेत्र आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरे, हे अनेकांना ठाऊक नसते.

नंबर त्या कंपनीत ९० दिवस झालेला हवा. पोस्टपेडचे बिल थकलेले नको. सिम हरवून किंवा खराब होऊन नवे घेतले असेल तर सात दिवस पोर्ट करता येत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे आणि फसवणूक टळावी म्हणून केलेला आहे. यूपीसी कोड कोणालाही फोनवर सांगू नये. जुन्या सिममधला बॅलन्स आणि रिचार्जचे उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत, म्हणून रिचार्ज संपत आला असताना पोर्ट करावे. बदल होताना काही तास फोन बंद राहतो. त्या दिवशी बँकेचा व्यवहार, परीक्षेचा फॉर्म किंवा शिष्यवृत्तीचा ओटीपी यांतले काही ठेवू नये.

घर आणि गाव

फोन चांगला असला तरी घर आडवे येते. पत्रा लहरींना अडवतो. चारही बाजूंनी पत्रा असलेल्या माळ्यावर भारी फोनही हतबल होतो. तिथे खिडकीची जागा सर्वांत बरी. फोन लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजवर ठेवू नये. धातूचे किंवा चुंबकाचे कव्हर काढून पाहावे. रेंज कमी असली की फोनला टॉवरपर्यंत आपला आवाज पोचवायला ओरडावे लागते आणि बॅटरी लवकर उतरते. दिवसातून दोनदा चार्ज करावा लागणारा फोन कधी कधी बॅटरीने नव्हे, रेंजने आजारी असतो. घरात वायफाय असेल तर "वायफाय कॉलिंग" चालू करावे. मग टॉवरची रेंज नसली तरी फोन लागतो.

रेंज वाढवणारे बूस्टर बाजारात मिळतात, ते घेऊ नयेत. परवान्याशिवाय ते बसवणे बेकायदेशीर आहे. शिवाय एका घरात बूस्टर लागला की आजूबाजूच्या दहा घरांचे कॉल तुटतात. एकाची सोय आणि दहांची गैरसोय, हा न्याय आपल्याला पटणारा नाही.

गर्दीची गोष्ट वेगळी. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर फोनमध्ये सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि कॉल मात्र लागत नाही. तिथे रेंज असते, पण एका टॉवरवर एकाच वेळी इतक्या माणसांचा भार आलेला असतो की रस्ता तुंबतो. तिथे फोन बदलून उपयोग नाही. अशा दिवशी भेटण्याची जागा आणि वेळ आधी ठरवावी, आणि मुलांच्या खिशात घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

आपल्यापैकी पुष्कळांचे घर मुंबईत आणि मूळ रायगड-रत्नागिरीच्या डोंगरात. मुंबईत जी कंपनी चांगली चालते ती गावच्या दरीत पोचेलच असे नाही. गावी एकाच कंपनीचा टॉवर असतो. म्हातारे आई-वडील गावी असतील तर त्यांच्या फोनचे सिम गावच्या टॉवरप्रमाणे घ्यावे, मुलाच्या कंपनीप्रमाणे नव्हे. मे महिन्यात गावी जाल तेव्हा शेजारपाजाऱ्यांची सिम घालून घरात कोणाची रेंज येते ते पाहून ठेवा.

तक्रार कुठे करावी

फोन ठीक, बँड ठीक, तरी रेंज नाही, असे असेल तर गप्प बसू नये. कंपनीच्या १९८ या क्रमांकावर फुकट तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा नंबर मागून वहीत तारखेसह लिहावा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगातही जाता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. त्याशिवाय ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना कुठे २जी, ४जी, ५जी आहे याचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागतात. पोर्ट करण्याआधी आपली वस्ती त्या नकाशात पाहावी. पण नकाशा रस्त्याचा असतो, आपल्या खाटेचा नसतो. म्हणून नकाशा पाहूनही सिम घालून पाहणे सोडू नये.

वस्तीची वही

ताईच्या प्रकरणानंतर वाचनालयात आम्ही एक शंभर पानी वही ठेवली आहे. गल्ली, खालची खोली की माळा, कंपनी, फोनचे मॉडेल, आणि घरात बसून मोजलेला डीबीएमचा आकडा, असे पाच रकाने आखले आहेत. ज्याला कंपनी बदलायची तो आधी वही उघडून आपल्या गल्लीत काय चालते ते पाहतो. आतापर्यंत ४३ घरांची नोंद झाली आहे. मी कचेरीत आयुष्यभर नोंदवह्या लिहिल्या, पण लोक स्वतःहून येऊन विचारतात अशी वही हीच. आकडा कसा पाहायचा हे आता दहावीतली मुले घरोघरी जाऊन दाखवतात. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक चाळीत अशी वही सुरू करता येईल. खर्च एका वहीचा आणि एका पेनाचा.

ताईची ती आजीबाईंकडची कायमची पाळी परत आली नाही. तीन महिन्यांनी दुसऱ्या घरी मिळाली, थोडी लांब, बस बदलून जावे लागते. ९० दिवस झाल्यावर मी विचारले, "ताई, जुन्या कंपनीत परत जायचे का?"

ती म्हणाली, "कशाला? आता लागतोय की. आणि जायचेच झाले तर आधी सिम माझ्या घरात घालून बघ, मग तुझा कागद काढ."

तेव्हापासून माझ्या हिशेबाच्या कागदावर दराच्या रकान्याआधी रेंजचा रकाना असतो.